जखम अंगावर, पुरावा दप्तरात

दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीसाठी सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून लगबग सुरू होते. तांबडा, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन पट्ट्यांचा तो चिमुकला ध्वज परभणीच्या जिल्हाधिकारी कचेरीपासून जिंतूर, गंगाखेड, पाथरीच्या शाळांपर्यंत पोहोचतो. लिपिक तो छातीला लावतात, शिक्षक विद्यार्थ्यांना त्याचे महत्त्व समजावून सांगतात आणि जमलेला निधी माजी सैनिकांच्या व हुतात्म्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी रवाना होतो. १९४९ पासून चालत आलेली ही प्रथा चांगलीच आहे. तथापि सैनिकाचे ऋण म्हणजे केवळ पैशाचे ऋण, अशी समजूत तिच्यामुळे आपल्या मनात नकळत रुजली आहे काय, याचाही विचार एकदा व्हावयास हवा. कारण माजी सैनिकाच्या मागण्यांत एक मागणी अशी असते, की जिच्यात रुपया-पैशाचा संबंध जवळजवळ नसतो. ‘युद्धात मला शत्रूची गोळी लागली. त्या जखमेचे पदक मला मिळालेले नाही. ते मिळावे,’ एवढेच तिचे सार असते.

ही मागणी लहान दिसते. परंतु ती पुरी होण्यासाठी त्या वृद्ध माणसाला जे सिद्ध करावे लागते, त्यात आपल्या राज्यकारभाराची एक मोठी उणीव दडलेली आहे. जखम त्याच्या अंगावर आहे. तिचा पुरावा सरकारच्या दप्तरात आहे. आणि तो पुरावा शोधून आणण्याची जबाबदारी मात्र जखमी माणसावर टाकलेली आहे. हा न्याय उलटा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जखम आणि पराक्रम

सैनिकी पदकांविषयी सामान्य वाचकाच्या मनात एक घोटाळा असतो. पदक म्हणजे शौर्याचे बक्षीस, असे आपण धरून चालतो. शौर्यपदके वेगळी आणि जखमेचे पदक वेगळे, हे ध्यानात घेतल्याशिवाय या मागणीचे मर्म कळावयाचे नाही. शौर्यपदकासाठी कोणीतरी ते शौर्य पाहावे लागते, त्याची शिफारस करावी लागते, ती वरिष्ठांच्या अनेक पायऱ्या चढून जावी लागते. कारवारजवळच्या चेंडिया गावी जन्मलेले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून देताना ते पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांना परमवीर चक्र मिळाले ते जखमेबद्दल नव्हे. जखमी असूनही त्यांनी जे केले त्याबद्दल.

जखमेच्या पदकाचा विचार याहून निराळा आहे. तेथे कोण किती शूर होता याची तुलना नाही. आघाडीवर उभा असलेला मनुष्य शत्रूच्या माऱ्यात सापडला आणि त्याचे रक्त सांडले, एवढी एकच गोष्ट तेथे पाहावयाची असते. मग तो रणगाड्यावर असो, खंदकात असो की मागील बाजूस गाडी दुरुस्त करीत असो. ज्याचे धैर्य पाहायला अधिकारी हजर नव्हता, ज्याची शिफारस करणारा स्वतःच त्या रात्री धारातीर्थी पडला, अशा असंख्य सामान्य शिपायांना राष्ट्राने दिलेली ती एक साधी पोच आहे. पदकांच्या उतरंडीत तिचे स्थान खालचे असेल. परंतु लोकशाहीच्या दृष्टीने पाहिले तर इतकी समतेची पोच दुसरी नाही.

या कल्पनेचा इतिहासही बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, १९१६ साली, ब्रिटिश सैन्याने जखमी सैनिकाच्या डाव्या बाहीवर सोनेरी फीत लावण्याची पद्धत सुरू केली. जितक्या वेळा जखमी, तितक्या फिती. त्याच वर्षी जखमेमुळे वा आजारामुळे सैन्यातून मुक्त झालेल्यांना साध्या कपड्यांवर लावता येईल असे चांदीचे चिन्हही देण्यात येऊ लागले. त्यामागील कारण मोठे मार्मिक होते. गणवेशावाचून रस्त्यात दिसणाऱ्या तरुणाला भेकड समजून त्याच्या हाती पांढरे पीस ठेवण्याची रीत त्या वेळी इंग्लंडात पसरली होती. आणि जे मृत्यूच्या दाढेतून परत आले होते, त्यांनाही हा अपमान गिळावा लागत होता. अमेरिकेत वॉशिंग्टनने १७८२ साली सुरू केलेले जांभळ्या हृदयाचे चिन्ह मुळात गुणवत्तेसाठी होते. त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त १९३२ साली ते ‘पर्पल हार्ट’ या नावाने पुन्हा सुरू झाले आणि पुढे जखमी व मृत सैनिकांचे पदक म्हणूनच जगभर ओळखले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानवर स्वारी करावी लागेल या अंदाजाने त्या सरकारने सुमारे पाच लाख पदके घडवून ठेवली होती. स्वारी झाली नाही. पण तो साठा पुढे कित्येक दशके पुरला. माणसे जखमी होणारच, तेव्हा त्यांची पोच आधी तयार ठेवली पाहिजे, हा त्यातील विचार कठोर असला तरी प्रामाणिक आहे.

स्वतंत्र भारतातही असे पदक आहे. त्याचे नाव ‘पराक्रम पदक’. शत्रूच्या प्रत्यक्ष कृतीमुळे, मग ती युद्धातील असो वा बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेतील असो, ज्याला जखम झाली तो या पदकाचा अधिकारी. नाव पराक्रमाचे आणि कसोटी जखमेची. या नावातच राष्ट्राने मान्य केले आहे की, रक्त सांडणे हाही एक पराक्रमच होय. प्रश्न नियमाचा नाही. त्या नियमापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा आहे.

मराठवाड्यातील सैनिक

ही वाट परभणीसारख्या जिल्ह्यातील माणसाला अधिक लांब का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि पिढ्यान् पिढ्या तेथील घराघरांतून सैन्यभरती होत राहिली. अशा गावात निवृत्त सुभेदार असतो, रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसे लिहावयाचे हे जाणणारा हवालदार असतो, कोणते पदक कशासाठी मिळते हे चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असते. थोडक्यात, तेथे सैनिकी ज्ञान हे गावाचे सामाईक धन आहे.

मराठवाड्याचा इतिहास वेगळा. हिंगोलीला, जी १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ते दल १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन झाले आणि त्याच्याच जुन्या पलटणींतून पुढे आजची कुमाऊँ रेजिमेंट उभी राहिली, हे हिंगोलीच्या तरुणांनाही आज क्वचितच माहीत असते. छावणी गेली आणि तिच्याबरोबर तिची आठवणही गेली. पुढे सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीखाली राहिला. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू होऊन १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करल्यावर येथील लोकांनी भारतीय सैन्याला प्रथमच आपले सैन्य म्हणून पाहिले. त्यानंतर येथूनही मुले फौजेत गेली. कोरडवाहू शेती, वारंवार पडणारा दुष्काळ आणि हाताला नसलेले काम यांनी त्यांना भरतीच्या रांगेत उभे केले, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. त्यांनी देशासाठी काही कमी केले असे नाही. परंतु त्यांच्या पाठीशी अपशिंग्यासारखी शहाणी झालेली चावडी नव्हती. पालम किंवा सोनपेठकडच्या एखाद्या खेड्यातून गेलेला एकटा जवान जखमी होऊन घरी परतला, तर त्याच्या जखमेचा कागदोपत्री अर्थ सांगणारा गावात दुसरा कोणी नसे. १९७१ च्या युद्धात वीस-बावीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६५ चा तर ऐंशी ओलांडून गेला आहे. पदकाचा हक्क आपल्याला होता, ही गोष्ट अशा माणसाला कधी कधी आपल्या नातवाकडून कळते.

कागदाचा प्रवास

आता जखमेची नोंद होते कशी, ते पाहू. कारकुनी दप्तराशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्या वाचकांना ही हकिगत परकी वाटणार नाही. आघाडीवर जखमी झालेल्या जवानावर प्रथम पलटणीच्या मदतकेंद्रात उपचार होतात. तेथून त्याला मागे मागे नेत शेवटी मोठ्या लष्करी रुग्णालयात आणतात. इकडे त्याच्या पलटणीने जखमेचा अहवाल पाठवावयाचा असतो आणि दैनिक आदेशाच्या दुसऱ्या भागात, ज्याला फौजेत ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात, ती घटना प्रसिद्ध करावयाची असते. त्या आदेशावरून रेकॉर्ड ऑफिसात त्या जवानाच्या सेवापत्रकावर नोंद चढते. पुढचे सारे काही, म्हणजे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन असो की पदक असो, त्या एका ओळीवर अवलंबून राहते.

ही साखळी शांततेच्या काळात बिनचूक चालते. युद्धात मात्र पलटण पुढे सरकलेली असते, लिपिक स्वतः जखमी असतो, कागद खंदकात भिजलेले असतात, आणि रुग्णालयात पोहोचलेला जवान दुसऱ्या तुकडीच्या जखमींत मिसळून गेलेला असतो. कोणी अहवालात ‘गोळीची जखम’ लिहितो, तर कोणी घाईत नुसतेच ‘जखम’ लिहितो. ‘शत्रूच्या माऱ्यात’ हे शब्द राहून गेले, की पन्नास वर्षांनी तीच उणीव अर्ज फेटाळण्यास पुरेशी होते. शिवाय दप्तरेही एका जागी नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर त्याचे कागद बेळगावला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट पुढेच आहे. जो सैनिक निवृत्तिवेतन न मिळविता सेवेतून बाहेर पडला, त्याचे सेवापत्रक २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. म्हणजे लहान जखम होऊन चार-सहा वर्षांच्या नोकरीनंतर घरी आलेल्या माणसाचा पुरावा सरकारने नियमानुसार जाळावयाचा. आणि त्याने पदक मागितले, की पुरावा नाही म्हणून त्याला नियमानुसार परत पाठवावयाचे! यात कोणा एका अधिकाऱ्याची दुष्टबुद्धी नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे दिसतात. त्या दोहोंच्या मध्ये एक मनुष्य चिरडला जातो, एवढेच.

दाद मागावयाची तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते अस्तित्वात आले आणि महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. परभणीच्या वृद्धाने देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मुंबई गाठावी, वकील करावा आणि इतका उशीर का झाला याचे उत्तर द्यावे, हे सारे कशासाठी, तर छातीवर लावावयाच्या एका बिल्ल्यासाठी. बहुतेकजण या विचारापाशीच थांबतात. त्यांचे थांबणे ही समाधानाची खूण आहे, असे मानणारे स्वतःची फसवणूक करून घेतात.

पेटकरांची त्रेचाळीस वर्षे

जखमी सैनिकाला मान्यतेसाठी किती थांबावे लागते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरच्या मातीतला हा तरुण सैन्याच्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स दलात जवान होता आणि मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावीत होता. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर शत्रूच्या हवाई हल्ल्यात त्याच्या शरीरात अनेक गोळ्या घुसल्या. त्यांपैकी एक मणक्यापाशी रुतून बसली. दीर्घ बेशुद्धीनंतर तो शुद्धीवर आला तेव्हा कमरेखालचे अंग लुळे पडले होते. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून तो पाण्यात उतरला; आणि १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्याने सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिक स्पर्धांत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. त्या स्पर्धांचा उगमही जखमी सैनिकांतूनच झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ साली इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात ज्या स्पर्धा भरविल्या, त्यांचेच हे पुढचे रूप.

अशा माणसाचा सन्मान आपण केव्हा केला? १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्काराची मागणी केली. ती मान्य झाली नाही. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, तेव्हा पेटकर ऐंशी वर्षांचे झाले होते. मागणी आणि मान्यता यांच्यामध्ये ४३ वर्षे गेली. मधल्या काळात त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, हे त्यांचे भाग्य.

अर्जुन पुरस्कार हा खेळाचा आहे, जखमेचा नव्हे, हे मान्य. पेटकरांचा दाखला देण्याचे कारण वेगळे आहे. त्यांचा विक्रम छापील होता. हायडेलबर्गच्या निकालपत्रात त्यांचे नाव होते, वेळ होती, सेकंदाच्या शतांशापर्यंत नोंद होती. इतका निर्विवाद पुरावा असूनही ज्या व्यवस्थेला त्रेचाळीस वर्षे लागली, तीच व्यवस्था ज्याच्याजवळ मांडीतल्या व्रणापलीकडे काहीच नाही, त्या परभणीच्या शिपायाला किती वर्षे थांबवील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

शरीराची काळजी घेण्यात आपण सर्वस्वी मागे आहोत, असे मात्र म्हणता येणार नाही. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुण्यात आहे. १९४४ सालापासूनचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यातच आहे. आणि खडकीला अर्धांगाने जखडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु पाय देता येतो, काठी देता येते, खुर्ची देता येते. हा पाय देशासाठी गेला, हे मात्र राष्ट्राने आपल्या मुखाने सांगावे लागते. पदक म्हणजे ते सांगणे. ज्याला हे अनावश्यक वाटते, त्याने लंगडत चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहून गावातील पोरे काय म्हणतात ते एकदा ऐकावे.

कायद्याने दाखविलेली वाट

सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर आपल्याच नियमांत आहे. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासंबंधी १९८२ साली जे हक्कनियम करण्यात आले, त्यांत एक उदार तत्त्व घातलेले होते. दावेदाराला आपला हक्क सिद्ध करण्यास सांगितले जाणार नाही, वाजवी संशयाचा फायदा त्याला मिळेल, आणि आघाडीवरच्या सेवेत तो अधिक सढळपणे दिला जाईल, असे ते तत्त्व. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याच तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. भरतीच्या वेळी सैनिकाच्या दप्तरात कोणत्याही व्यंगाची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असेच मानले पाहिजे. आणि त्याचे अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही, असे म्हणणाऱ्या सरकारनेच ते सिद्ध केले पाहिजे, असा न्यायालयाचा निर्वाळा होता. २०२३ साली नवे नियम आले. परंतु आज वार्धक्यात असलेल्या या सैनिकांची सेवा जुन्या नियमांच्या काळातली आहे.

जेथे सरकारी तिजोरीतून दरमहा रक्कम जावयाची आहे, तेथे पुराव्याचा भार सरकारवर. आणि जेथे केवळ धातूचा एक तुकडा व एक फीत द्यावयाची आहे, तेथे तो भार वृद्ध सैनिकावर! या विसंगतीचे समर्थन कोणत्या तर्काने करावयाचे? याहूनही एक विसंगती आहे. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या आदेशाने अपंगत्वाच्या कारणांचे पाच वर्ग केले. त्यांत शत्रूच्या कारवाईत, तद्वतच सुरुंग पेरताना किंवा काढताना आलेले अपंगत्व शेवटच्या वर्गात धरून त्यास युद्धजखमेचे निवृत्तिवेतन देऊ केले. याचा अर्थ, शत्रूच्या माऱ्यातील जखमेबद्दल ज्याला असे निवृत्तिवेतन मिळते, त्याची जखम सरकारने एकदा तपासून, मोजून, मान्य केलेली आहे. त्याला पदकासाठी पुन्हा अर्ज करावयास लावणे म्हणजे एकाच माणसाची एकाच खात्याकडून दोनदा उलटतपासणी करण्यासारखे आहे. त्याचे पदक अर्जावाचून घरी आले पाहिजे.

दप्तरच नष्ट झाले असेल तर काय करावयाचे, या प्रश्नाला परदेशाच्या अनुभवातून उत्तर सापडते. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथील सैनिकी अभिलेखागाराला आग लागून दीड कोटीहून अधिक सैनिकांची सेवापत्रके भस्मसात झाली. पुरावा जळाला, तेव्हा तुमचा हक्कही जळाला, असे त्या सरकारने म्हटले नाही. पगाराच्या पावत्या, तुकड्यांची रोजची हजेरीपत्रके, रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी यांवरून माणसामाणसाचा इतिहास पुन्हा जुळविण्याचे काम तेथे हाती घेण्यात आले. आणि सोबत्यांच्या प्रतिज्ञापत्रांचाही विचार होऊ लागला. तेथे दप्तर अपघाताने जळाले होते. येथे ते नियमाने नष्ट केले जाते. अपघाताची भरपाई करणारे राष्ट्र आणि नियमाचीही भरपाई न करणारे राष्ट्र, यांतील अंतर संपत्तीचे नव्हे, वृत्तीचे आहे.

तोतयांचे भय

यावर एक आक्षेप येईल आणि तो मराठवाड्यात तरी हसण्यावारी नेता येणार नाही. पुराव्याची अट सैल केली की खोटे दावेदार उभे राहतील, असे म्हटले जाईल. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या बाबतीत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय घडले, याची आठवण दिली जाईल. तेथील बनावट स्वातंत्र्यसैनिकांची चौकशी न्यायमूर्ती पालकर आयोगाला करावी लागली आणि २००५ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ज्यांनी खरोखरच हालअपेष्टा भोगल्या, त्यांच्या नावाला अशा तोतयांमुळे बट्टा लागला, हे सत्य आहे.

परंतु दोन गोष्टींतील फरक पाहिला पाहिजे. भूमिगत चळवळीचे हजेरीपत्रक नसते. सैनिकाचे असते. अमुक मनुष्य अमुक क्रमांकाने अमुक पलटणीत होता, ती पलटण अमुक तारखांना अमुक आघाडीवर होती, हे पलटणीच्या युद्धरोजनिशीतून पडताळता येते. शिवाय सैनिकाचा आणखी एक साक्षीदार त्याच्या कातडीखाली असतो. तोफगोळ्याची किरच हाडात रुतलेली असेल, तर पन्नास वर्षांनंतरही क्ष-किरण चित्रात ती दिसते. लष्करी वैद्यकीय मंडळाने तपासणी करावी, जखमेचे वय आणि स्वरूप सांगावे, युद्धरोजनिशीशी ते जुळते की नाही ते पाहावे. याउपरही तोतया निघालाच, तर त्याला शासन करण्यास कायदे समर्थ आहेत. तोतया येईल या भीतीने खऱ्याला दारातून परत पाठविणे, ही सावधगिरी नव्हे. आणि ज्या दाव्यातून लाभ म्हणून केवळ मान मिळावयाचा आहे, त्यासाठी खोटे बोलणारे थोडेच असतात; खोटेपणाची धाव बहुधा पैशाच्या दिशेने असते.

करावयाचे काय

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. युद्धजखमेचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या याद्या रेकॉर्ड ऑफिसांजवळ आहेत. त्यांची पदकांच्या याद्यांशी पडताळणी करून राहिलेली पदके आपण होऊन पाठवावीत. सैनिकांची सेवापत्रके नष्ट करण्याचा नियम निदान युद्धात भाग घेतलेल्यांच्या बाबतीत रद्द करावा. पदकाच्या अर्जाला उशिराचे कारण लावू नये, कारण त्या उशिराने राज्याचे काही बुडालेले नाही. बुडाले असेल तर त्या सैनिकाचे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने अर्जाची वाट न पाहता तालुक्यातालुक्यांतून सत्तरीपुढच्या माजी सैनिकांची चौकशी करावी आणि रेकॉर्ड ऑफिसशी होणारा पत्रव्यवहार स्वतःच्या नावाने चालवावा. आणि मिळालेले पदक टपालाने खेड्यात टाकू नये. परभणीच्या पोलीस मैदानावर वा तालुक्याच्या गावी १७ सप्टेंबरच्या किंवा २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला, चारचौघांदेखत, ते त्या वृद्धाच्या छातीवर लावावे.

सरकार हे करील तेव्हा करील. दरम्यान या पृष्ठाच्या वाचकांना जे करता येण्यासारखे आहे, तेही थोडे नाही. आपल्या गावात किंवा गल्लीत असा एखादा माजी सैनिक असेल. त्याचे डिस्चार्ज बुक मागून घ्यावे, त्यावरील क्रमांक, पलटण आणि तारखा नीट उतरवून घ्याव्यात, जखमेची हकिगत त्याच्या तोंडून ऐकून लिहून काढावी, त्याचा एखादा सोबती हयात असेल तर त्याचे निवेदन घ्यावे आणि अर्ज रीतसर लिहून द्यावा. शिक्षकाला, लिपिकाला, महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यात अवघड काही नाही. दोन संध्याकाळींचे काम आहे. ज्या माणसाला दिल्लीच्या कचेरीची भाषा येत नाही, त्याला ती येणाऱ्याने आपली लेखणी उसनी द्यावयाची, एवढाच हा व्यवहार.

हे काम लवकर करावयास हवे. जखमेच्या पदकाचे वैशिष्ट्य असे की, ते वारसाला देता येईल, परंतु त्यातला अर्थ वारसाला देता येत नाही. मरणोत्तर मिळालेले पदक काचेच्या चौकटीत जाते. जिवंतपणी मिळालेले पदक एका माणसाची मान वर करते. १९६५ आणि १९७१ च्या जखमा अंगावर घेऊन फिरणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या दप्तराचा शोध घेण्यास सरकारला जितके महिने लागतील, तितकी वर्षे त्यांच्याजवळ आहेतच असे नाही.